मुलाचा बुद्ध्यांक ८२ आला. नेमकं काय मोजलं?

पेठेतली (सांगली)

लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला. आज लिहितेच.

माझा मुलगा पाचवीत आहे. वाचताना अडखळतो, फळ्यावरचं उतरवून घेण्यात वर्गात सगळ्यात शेवटी. शाळेनं सुचवलं म्हणून चाचणी केली. बाईंनी त्याला दीड तास आत घेतलं, मी बाहेर बाकावर. आठवड्यानं एक कागद हातात पडला. खाली चौकटीत: बुद्ध्यांक ८२. शेजारी 'सरासरीहून कमी'. वरच्या रकान्यांत काय काय लिहिलंय ते समजावायला कुणाला वेळ नव्हता. "घरी सराव घ्या" म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

आकडा आमच्या दोघांतच राहिला असता तर हा धागा निघाला नसता. मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं सासूबाईंना, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंदबाईंनी वाण घेता घेता सगळ्यांसमोर विचारलं, "ब्याऐंशी म्हणजे कितीपैकी गं?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच, कितीपैकी?

आमची हळदीची अडत आहे. सुट्टीत पोरगा आजोबांबरोबर सौद्याला जातो. दिवाणजी कागदावर मांडेपर्यंत ह्यानं बारदान वजा करून निव्वळ वजन सांगितलेलं असतं. आणि सासरे पोतं कसं बघतात ते मी पंधरा वर्षं बघतेय. वरच्या मुठीवर त्यांचा कधीच भरवसा नाही. एक मूठ मधली, एक तळाची. मग हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचं. एवढं करून भाव बोलतात. इथं माझ्या पोराचं अख्खं पोतं दीड तासात एका मुठीवर तोललं की काय, असं वाटत राहतं.

आत काय विचारलं ते त्यानं मला सांगितलं. एक प्रश्न होता, (प्रश्न काढून टाकलाय, खाली मोजपट्टीताईंचा प्रतिसाद बघा). त्यावर ह्याचं उत्तर: "आधी आयर्विनला किती फूट झालंय ते बघायचं." बाई म्हणे नुसत्या बघत राहिल्या. आता २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा चार-पाच वर्षांचा, आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो. सांगलीतल्या पोराला ४५ फूट म्हणजे धोका हे बाराखडीच्या आधी कळतं. त्याला ह्या उत्तराचे गुण मिळाले की नाही कोण जाणे.

तर प्रश्न सरळ आहे. ह्या चाचण्या माणसाची बुद्धी खरंच मोजतात का?

भडंग

पहिला प्रतिसाद माझा. हळदीकुंकवाला असला प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एक वेगळी चाचणी काढा, मी फॉर्म छापून देतो.

मोजपट्टी

ताई, आधी एक विनंती. चाचणीतले प्रश्न उघड्यावर लिहू नका, धागा संपादित करा. एकदा प्रश्न फुटला की तो ऐकून आलेल्या मुलाचा आकडा मातीमोल होतो. नवी चाचणी बसवायला वर्षं लागतात हो.

मी हेच काम करते. नणंदबाईंना सांगा, कितीपैकीच नाही. हे गुण नव्हेत, रांगेतली जागा आहे. त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरायची आणि मोजमाप असं बसवायचं की शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये यावीत. ८२ म्हणजे शंभर मुलांत अकरा-बारा त्याच्या मागे, बाकीची पुढे. ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांची, १९३९ पासूनची.

त्याआधी भागाकार होता. विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये सुचवलं की मुलाचं मानसिक वय भागिले खरं वय करावं. पुढं अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मननी १९१६ मध्ये त्याला शंभरनं गुणलं आणि 'आयक्यू' घरोघरी गेला. दहा वर्षांच्या मुलानं आठ वर्षांच्या मुलाइतकं केलं तर ८०. मुलांपुरतं हे चालतं. पण चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय वीस, म्हणून त्याला ५० द्यायचे का? तिथं गाडी अडली. आपल्याकडं अजून वापरात असलेली बिने-कामत चाचणी मात्र भागाकारावरच चालते. ती धारवाडच्या डॉ. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. आपल्याच भागातली म्हणायची. पण त्या काळच्या मुलांवर बसवलेली, हे विसरून चालत नाही.

आता तुमच्या कागदाकडं. ८२ हा एकटा आकडा लिहिणं हीच चूक. प्रत्येक मोजमापात थोडं इकडंतिकडं असतंच, म्हणून '७७ ते ८८ च्या दरम्यान' असं लिहायला हवं. आणि एकूण आकड्यापेक्षा वरचे रकाने महत्त्वाचे. शब्दांचं वेगळं, आकृत्यांचं वेगळं, लक्षात ठेवण्याचं वेगळं, वेगाचं वेगळं. ते काय आहेत? चाचणी कुठल्या भाषेत झाली?

आयर्विनच्या उत्तराबद्दल. परीक्षक शिकलेला असेल तर असं उत्तर आलं की "अजून सांग बरं" म्हणतो. नुसतं बघत राहत नाही.

पेठेतली

प्रश्न काढला, माफ करा.

शाळा सेमी-इंग्रजी. बाई बाहेरगावच्या, सूचना अर्ध्या इंग्रजीतून. "शेप म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली" हे त्यानं मला काल रात्री सांगितलं, चाचणीनंतर दीड महिन्यानं. रकान्यांतले आकडे धड वाचता येत नाहीत, झेरॉक्सची झेरॉक्स आहे.

हिंजवडीचा_विटेकर

थोडं खुपणारं लिहितो, राग मानू नका.

हा विषय निघाला की दर वेळी एकच सूर लागतो: आकडा खोटा, पोरगं हुशार. मग टाळ्या. आकडा इतकाच खोटा असता तर तो शंभर वर्षं टिकला नसता. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांना एकच बुद्धिमापन चाचणी दिली. सत्त्याऐंशी हजारांवर मुलं. ते कागद तळघरात पडून होते. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ इयान डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली काही माणसं ॲबर्डीनला शोधून काढली आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी तीच चाचणी पुन्हा दिली. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.६३ निघाला (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). मधे एक महायुद्ध, नोकऱ्या, लग्नं, नातवंडं. तरी अकराव्या वर्षी पुढं असलेली बहुतेक माणसं म्हातारपणीही पुढंच. हवेतलं काही मोजलं असतं तर असं झालं नसतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमननी १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका प्रकारच्या प्रश्नांत चांगली असणारी मुलं बाकीच्या प्रकारांतही बरी निघतात. हे पुन:पुन्हा पडताळलं गेलंय.

अडतीवरच्या तोंडी हिशेबाबद्दल ताई, माफ करा, पण तो रोजचा सराव आहे. माझा भाचा क्रिकेटच्या सरासऱ्या तोंडपाठ सांगतो, वर्गात गणितात काठावर पास.

ऊसवाला_वाळवा

विटेकर साहेब, तुमचं खरं असंल. पण आमचं बी ऐका की.

थोरली पोरगी कोल्हापुरात मानसशास्त्र शिकतीय. तिनं मला एक वाचून दाखवलं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊसवाल्या शेतकऱ्यांना चाचणीला बसवलं. एकदा ऊस तुटायच्या आधी, हात मोकळा असताना. एकदा पैसं आल्यावर. प्रश्न रेव्हनच्या तऱ्हेचे, म्हणजे नक्षीत एक चौकट मोकळी, खालच्यातली कुठली बसती ते सांगायचं. अक्षरओळख लागत नाही. तर तीच माणसं, तीच डोकी, पैसं यायच्या आधी कमी पडली आन नंतर चांगली निघाली. २०१३ साली 'सायन्स'मध्ये छापून आलंय.

मी तिला म्हणलं, ह्याला परदेशी मासिक कशाला पाहिजे, तुझ्या आईला विचार. कायद्यानं ऊस गेल्यापासनं चौदा दिवसांत बिल पाहिजे. एका साली आमचं चार महिनं तटलं. सोसायटीचं हप्तं, हिची फी, सगळं एकदम आलेलं. त्या चार महिन्यांत मी काय काय केलं सांगू? मोटर चालू ठिवून घरी आलो, रातभर पाणी शेजाऱ्याच्या रानात. तणनाशकाचं माप दोनदा घातलं. बँकेत सही चुकली, माझी सही, माझीच. त्या टायमाला कुणी चाचणी घेतली असती तर मला दाखला मिळाला असता.

बिल आलं आन आठ दिवसांत डोकं जाग्यावर.

हिंजवडीचा_विटेकर

काका, अभ्यास माहीत आहे. पण दुसऱ्यांदा बसणारा सरावानंही सुधारतो, ते वेगळं कसं काढणार?

ऊसवाला_वाळवा

पोरीला इचारलं. म्हणती, काही जणांना मुद्दाम तोडणीनंतरच पहिल्यांदा बसवलं होतं, हेच ताडायला. सरावाचा खेळ न्हाई.

हिंजवडीचा_विटेकर

मग हे मान्य. पुढचं सावकाश लिहितो, मीटिंग आहे.

निवृत्त_खडू (कोरेगाव)

सरावाचा विषय निघालाच आहे, तर आयुष्यभर हाच धंदा केलेला माणूस बोलतो.

शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात 'बुद्धिमत्ता चाचणी' असते. ५० प्रश्न, १०० गुण. नवोदयला ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशालाही बुद्धिमत्तेचा स्वतंत्र भाग. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, त्यामुळं आमच्या तालुक्यात हे वेड जुनं. जूनमध्ये पन्नासातले वीस कसेबसे बरोबर आणणारं पोरगं जादा तासाला बसवायचो. दिवाळीनंतर तेच पोरगं चाळीस आणायचं.

बुद्धी दुप्पट झाली का? आरशातलं घड्याळ हा प्रकार घ्या. आरशात ४ वाजून २० मिनिटं दिसतात, खरे किती? हुशार पोरगं डोळे मिटून घड्याळ उलटं फिरवत बसतं, एक मिनिट जातं. माझं पोरगं ११ वाजून ६० मिनिटांतून वजा करतं, ७ वाजून ४० मिनिटं, पुढचा प्रश्न. सांकेतिक भाषेला ई-जे-ओ-टी-वाय या इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ: ५, १०, १५, २०, २५. मधली अक्षरं मग बोटावर निघतात. निकालाच्या दिवशी पालक पेढे घेऊन यायचे आणि म्हणायचे, सर, पोराची बुद्धी तुम्ही घडवलीत. मी पेढा खायचो.

गंमत बघा, ज्यांनी हे सुरू केलं ते आल्फ्रेड बिने. १९०५ मध्ये सिमाँ यांच्याबरोबर पहिली मापनश्रेणी केली, तीस कामांची. फ्रेंच सरकारला वर्गात मागं पडणारी मुलं हुडकायची होती. वर्गातून काढायला नव्हे, वेगळं शिकवायला. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न बदलणारी रक्कम आहे असं मानायला ते तयार नव्हते. मागं पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले होते. १९११ मध्ये गेले. त्यांच्या हत्याराचं पुढं अमेरिकेत काय झालं ते बघायला राहिले नाहीत, बरंच झालं.

कास_पठार (सातारा)

सर, पेढ्याचं वाचून हसले. धागा वाचतेय.

एक अवांतर. लेकीच्या शाळेच्या मेळाव्यात एक टेबल होतं. दहाही बोटांचे ठसे घेऊन कुठली बुद्धी किती टक्के ते सांगतात. रंगीत फाईल मिळाली, तीस पानी. संगीत १४ टक्के, तर्क ११ टक्के, असं. ही पण बुद्ध्यांक चाचणीच का?

मोजपट्टी

नाही. ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यांवरून मुलाचं गणित किंवा गाणं सांगता येतं याला शास्त्रात काडीचा आधार नाही. बुद्धिमापनावर ज्या शंका आहेत त्या काट्यावरच्या शंका आहेत. हे म्हणजे काटाच नसताना पावती फाडणं. पैसे मिळत असतील तर परत मागा.

जवारी (मिरज)

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे होतात. चुलते सातवी नापास. त्यांना असल्या चाचणीला बसवलं असतं तर काय आलं असतं कुणास ठाऊक. पण गवई पार लांबून त्यांच्याकडं जवारी काढायला येतात.

काम दिसायला काहीच नाही. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या माथ्याला किंचित गोलाई द्यायची असते. चुलते कानस दोनदा फिरवतात, तार छेडतात, थांबतात. परत एकदा, केसाएवढं. मग तारेखाली सुती दोरा सरकवतात, अर्धा सूत पुढं, पाव सूत मागं. एका जागेवर तार एकदम उघडते, खोली भरते. कानस एक हात जास्त पडली तर घोडी गेली. मी इंजिनिअर आहे, माझ्याकडं आवाजाची आलेखं काढणारं ॲप आहे. आलेखात बदल दिसायच्या आधी त्यांचा हात थांबलेला असतो.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हिंजवडीचा_विटेकर

हे कौशल्य झालं, बुद्धी नव्हे. जे जे चांगलं ते सगळं 'बुद्धी'त कोंबलं तर शब्दाला अर्थच उरत नाही.

जवारी (मिरज)

आणि मोकळ्या चौकटीत आकृती बसवणं हे कौशल्य का नाही? खडू सरांनी तर ते शिकवून पैसे मिळवले.

निवृत्त_खडू (कोरेगाव)

पेढेसुद्धा.

भडंग

विटेकर मीटिंगला गेले ते जवारीनंच परत आले. 😀

मोजपट्टी

दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, पण ते सोडा. ताईंचा मुलगा बाजूला पडतोय.

ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास आहे, १९८५ चा. गिऱ्हाईक बनून विचारलं, एवढ्याचे एवढे नारळ, किती झाले? मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच मुलांना तीच आकडेमोड कागदावर दिली. ३७ टक्के. मुलं तीच, बेरजा त्याच.

लोक ह्यातून म्हणतात, बघा, कागद खोटा. मी तसं म्हणत नाही. मूल कागदावर अडतंय हेही तितकंच खरं आहे आणि शाळा कागदावर चालते. चाचणी कागदाच्या जगाची आहे. तिथं मूल कुठं अडकेल ते ती बऱ्यापैकी सांगते, आणि का अडकतंय ते रकाने सांगतात, वाचणारा असेल तर. तेवढ्यासाठी ती घ्यायची. मूल केवढं आहे ते तिला विचारायला जाऊ नये, ती काहीतरी उत्तर देते आणि आपण ते खरं मानतो.

अडतीवर हिशेब येतो आणि फळ्यावरचं उतरवताना शेवटी राहतो, हे दोन्ही ऐकून मला बुद्धीची शंका येतच नाही, दुसरीच येते. इथं निदान करणार नाही. लगेच तीच चाचणी पुन्हा घेऊ नका, आठवणीनं आकडा फुगतो. दुसरी चाचणी, मराठीतून, दोन सकाळी मिळून, मूल ताजं असताना. सोबत वाचन-लेखनाची वेगळी तपासणी. आणि हो, आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

पेठेतली

ताई, सासऱ्यांना वाचून दाखवलं. मध्ये एक मूठ, तळाला एक मूठ, एवढंच म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

पेठेतली

(सहा-सात महिन्यांनी धागा वर काढतेय.)

दुसरी चाचणी मे महिन्यात झाली. डोळे-कान ठीक. बाईंनी दोन दिवस घेतले, पहिल्या दिवशी अर्धा तास नुसत्या गप्पा. नंतर आम्हाला बसवून एकेक रकाना समजावला. शब्द आणि आकलन १०६. आकृत्यांचं १०१. वेगाचं, म्हणजे पेन्सिलनं चिन्हं भराभर उतरवायचं, ७४. एकूण आकडा त्यांनी लिहिलाच नाही. म्हणाल्या, रकान्यांत इतकं अंतर असताना सरासरी काढणं म्हणजे एक पाय चुलीत आणि एक बर्फावर, सरासरी मात्र कोमट. वाचन-लेखनाची तपासणी वेगळी झाली. अध्ययन अक्षमता निघाली, वाचनाची आणि लेखनाची.

मी रडले, खोटं कशाला सांगू. ८२ ला रडले होते त्याहून वेगळं रडले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ही अक्षमता आहे, सरकारी रुग्णालयाचा दाखला मिळाला की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. फेऱ्या चालू आहेत. तिसरी फेरी 'साहेब रजेवर' मध्ये गेली. शाळेनं तेवढ्यात एक केलं: फळ्यावरचं उतरवायला लावत नाहीत, बाई वहीत छापील चिकटवतात.

विटेकर, तुमचं एक पटलं. पहिल्या चाचणीत काहीतरी खरं होतंच. वेगाचा रकाना तेव्हाही खाली असणार, कुणी वाचून दाखवला नाही एवढंच. सासऱ्यांचं म्हणणं असं की औषध कंपनीवाला हळदीतल्या कुर्क्युमिन या द्रव्याचा टक्का विचारतो, मसालेवाला रंग विचारतो, दोघांनाही पोतं तेच दाखवायचं.

नणंदबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या संक्रांतीला बघू.

हिंजवडीचा_विटेकर

अभिनंदन म्हणू की काय म्हणू कळत नाही, पण बरं वाटलं. माझ्या भाच्यालाही दाखवून घ्यावं म्हणतोय, तो पण फळ्यावरचं अर्धंच उतरवतो.

ऊसवाला_वाळवा

ताई, दाखल्याला सकाळी नवाच्या आत जावा, नंतर रांग लागती. पोराला विचारा, पाऊस लई लागलाय इकडं, आयर्विनला किती झालं?

पेठेतली

एकवीस फूट. शेजारूनच सांगतोय. कोयनेतून सोडलंय, उद्या संध्याकाळपर्यंत सत्तावीस होईल म्हणतो, नदीकडची मोटर आजच काढा.